मेजरचा पास

साताऱ्यात रोज सकाळी आम्ही पन्नाशीतले गडी फुटबॉल खेळतो. त्यात एक रिटायर फौजी येतात, एकेकाळी पलटणीच्या टीममध्ये मधल्या फळीत खेळलेले. सगळे त्यांना नुसतं ‘मेजर’ म्हणतात. माणूस दमत नाही. मैदानभर पळणार, समोरच्याच्या पायातून चेंडू अलगद काढणार. पण गोलवर मारणार नाही म्हणजे नाहीच! डोकं फिरतं. परवा बरोबरी होती, गोलकीपर आडवा पडलेला, गोल मोकळा, आणि ह्यांनी चेंडू मागं मला दिला. मी तो बाहेर घालवला.

“आवं मेजर, मारायचा की तुमी!” मी ओरडलो.

“आमचं काम द्यायचं हाय,” म्हणत ते पळत गेले, चेंडू घेऊन आले आणि परत माझ्याच पायाशी ठेवला.