सुटली

प्रश्न विचारायचा आणि मग तोंड मिटून बसायचं, हे आमच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. गरोदर बायका आणि तान्ही बाळं यांच्यावर संशोधन करायचं, म्हणून आम्ही धाराशिवला प्रशिक्षण घेत होतो. तोंड मिटणं मला सगळ्यात जड जायचं. मी पुण्याची. समोरची बाई उत्तर शोधत असली की मीच तिला शब्द पुरवायची. सर म्हणायचे, "मुलाखत कुणाची चाललीय, तिची की तुमची?" मला राग यायचा, आणि राग आला की मी आणखीच बोलायची.

सरावासाठी आम्हाला ईटजवळच्या एका गावात नेलं. माझ्या वाट्याला आलेल्या घरातल्या सुनेचा नववा महिना सरत आला होता. प्रश्न कसले विचारणार? तिचे पाय चपलेत मावत नव्हते, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढं अंधारी येत होती. रक्तदाब भलताच चढलेला. अशा वेळी मुलाखत तिथंच थांबवून घरच्यांना दवाखाना गाठायला सांगायचं, हेही आम्हाला शिकवलं होतं. मी तिच्या सासूबाईंना सांगितलं, गावातल्या आशाताईंनीही सांगितलं. सासूबाई सुनेकडं बघत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "बघू."

आमच्या घरी 'बघू' म्हणजे 'नाही'. सहलीला जाऊ? बघू. सायकल घ्यायची? बघू. वडिलांनी आयुष्यभर तेच केलं. मी जीपमध्ये बसले ती इतकी संतापून, की वाटेतलं वाशी गाव मागं पडेपर्यंत कुणाशी बोलले नाही. पुढं संताप उतरला आणि नुसती भीती उरली. आशाताईंचा फोन काही केल्या लागेना. वर्गात गरोदरपणातल्या धोक्याच्या खुणांचा तक्ता लावलेला असायचा आणि मला त्यात तेच सुजलेले पाय दिसायचे.

दोन आठवड्यांनी पुन्हा त्या गावात गेलो. मला पाहून सासूबाई बाहेर आल्या, पाठीमागं दार हळूच ओढून घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "सुटली, बाई. दुसऱ्याच दिशी सुटली."

मी ओट्यावर बसले. वर्षभर अंथरुणाला खिळलेली माझी आत्या गेली, तेव्हा आमच्याकडं सगळे हेच म्हणाले होते, सुटली बिचारी.

"फार त्रास झाला का?" मी कसंबसं विचारलं.

"व्हायचाच की. पर लई येळ न्हाय लागला."

"आणि बाळ?"

"बारीक हाय. पर दूध चांगलं वढतंय."

"कुणाचं?"

सासूबाईंनी मला खालीवर न्याहाळलं. ऊन लागलं की काय, असं त्यांना वाटलं असावं. "कुणाचं म्हंजी? आईचं. आताच दोघं निजलेत, म्हणून तर हळू बोलायलेय."

इकडं बाई बाळंत झाली की सुटली म्हणतात. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी त्या ओट्यावर बसून ढसाढसा रडले आणि रडता रडता हसायला लागले. सासूबाईंनी तांब्याभर पाणी आणून दिलं. मी काय समजले होते ते ऐकल्यावर त्याही पदर तोंडाला लावून हसल्या.

मग मला आत नेलं. सुनेची सूज उतरली होती, चेहरा ओळखू येत नव्हता इतका छान दिसत होता. "ह्या बाईंनी तर तुला मारलीच की गं," सासूबाईंनी सगळं रंगवून सांगितलं. "हसवू नका ओ, टाके दुखतेत," ती म्हणाली आणि बाळ माझ्या मांडीवर दिलं. मूठभर जीव, पण गरम. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

सासूबाई चहा ठेवायला गेल्या तशी मी म्हणाले, "मला वाटलं, त्या नेतच नाहीत तुला. नुसतं बघू म्हणाल्या."

"बघू म्हणल्या आन् गाडी बघायलाच गेल्या," ती म्हणाली. "तुमची जीप गावाभायेर पडली नसंल, तवर आमची गाडी दारात."

"इतक्या लगेच?"

तिनं चुलीकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझ्या थोरल्या जाऊबाईच्या येळंला गाडी घावली नव्हती. त्या न्हाय सुटल्या."