लेटेस्ट हा नंबर नाही

"कुठलं व्हर्जन?" असं विचारून ते चष्मा काढायचे. समोरचा "लेटेस्ट" म्हणाला की रुमालाने काच पुसत म्हणायचे, "लेटेस्ट हा नंबर नाही."

असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल, आणि तुम्हीही त्याच्या पाठीमागे हसला असाल. आम्ही इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातल्या ऑफिसात यथेच्छ हसलो. सगळ्यांत जास्त मी. त्यांची नक्कल मला हुबेहूब जमायची.

सॉफ्टवेअर म्हणजे निम्म्याहून जास्त दुसऱ्यांनी लिहिलेलं असतं. आमच्या प्रोग्रॅमला असे दोन-अडीचशे तुकडे लागायचे आणि बिल्ड करताना, म्हणजे सगळं जोडून प्रोग्रॅम तयार करताना, ते इंटरनेटवरून आपोआप यायचे. जगात कुठे कुणी एखादा तुकडा बदलला की आमचं काम ठप्प. काकांनी प्रत्येक तुकड्याचा नेमका नंबर एका फाइलमध्ये लिहून ठेवला. ऑफिसात मी त्यांना नावाने हाक मारायचे, बाहेर काका. तीन वर्षं ते त्या एका फाइलमागे होते.

"आज जे आलं तेच उद्या यायला हवं," ते म्हणायचे. "मी असो, नसो."

तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात एका बाईंच्या मसालेभाताची कृती ते लिहून घेत होते. "मीठ किती?"

"अंदाजाने घालायचं हो."

चष्मा निघाला. काकूंनी कपाळाला हात लावला.

मग ऑफिसात रिडंडन्सीचं, म्हणजे नोकरकपातीचं, वारं आलं. सोमवारी मॅनेजरने मला खोलीत बोलावलं. गोरा, गोड बोलणारा माणूस. म्हणाला, तुम्हा दोघांपैकी एकच जागा राहणार आहे. ते नसले तर बिल्ड चालतं का ते बघ. चालत असेल तर तू राहशील.

मी आधी माझाच विचार केला. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना दुसरी नोकरी कोण देणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी म्हटलं, गुरुवारी दाखवते.

गुरुवारी खोक्यातून कोरा लॅपटॉप काढला. "यावर पहिल्यापासून चालवून बघू या. तुम्ही हात लावायचा नाही. बोलायचंही नाही."

हीच चाचणी घ्या म्हणून ते तीन वर्षं सगळ्यांच्या मागे लागले होते आणि कुणाला वेळ नव्हता. ते खुलले. हात मागे बांधून उभे राहिले. मॅनेजर आला तेव्हा त्यांनीच त्याला खुर्ची ओढून दिली.

मी कमांड दिली. अकरा मिनिटं लागली. एकही एरर नाही.

"बघ," ते मला म्हणाले, "माझी गरजच लागली नाही." आणि मॅनेजरला नीट कळावं म्हणून तेच वाक्य त्यांनी इंग्रजीत पुन्हा सांगितलं.

मॅनेजरने वहीत काहीतरी टिपून घेतलं. मी लॅपटॉप बंद केला.

निरोपाला त्यांना कॉफीचा मग दिला. त्यावर 'लेटेस्ट हा नंबर नाही' हे त्यांचंच वाक्य छापलं होतं. ती कल्पना माझी. ते मनापासून हसले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझी जागा राहिली ना? मग बरं झालं." मी मान हलवली. खरं सांगायला तोंड उघडलं नाही, आणि मला त्याची लाज वाटते.

महिनाभराने त्यांचा फोन आला. "एके ठिकाणी अर्ज केलाय. रेफरन्सला तुझं नाव दिलंय. त्यांनी विचारलं तर तो नव्या लॅपटॉपचा दिवस सांग. तू होतीस तिथे."

"सांगते, काका."

"आणि बिल्ड चालतंय ना?"

"एकदाही अडलं नाही."

"मग झालं तर."

तेव्हापासून ते प्रत्येक अर्जानंतर फोन करून कंपनीचं नाव सांगतात. आतापर्यंत नऊ झाल्या. बिल्ड रोज सकाळी अकरा मिनिटांत होतं. मला अजून एकाही कंपनीने काही विचारलेलं नाही.