मस्कतहून लाइन एंगेज

आमची आई वारली तेव्हा ती कम्प्युटरसमोर बसून टाइप करत होती. (ती ठणठणीत आहे. वारली, हे फक्त मामाचं मत होतं.)

दोष माझा नाही, विचारांचा! बाबा युनियनवाले. मी अंगाईऐवजी पत्रकं ऐकत वाढले. बाबा गेले, दादा नोकरीसाठी मस्कतला गेला आणि सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये उरलो मी आणि आई. अशा वेळी माणसं मांजर पाळतात. मी ज्येष्ठांसाठी फुकट संगणक मंडळ काढलं! पत्रकात ठणकावून लिहिलं, 'मुलांच्या फोनची वाट बघत बसणं ही गुलामी आहे! ईमेल शिका!'

सोसायटीच्या हॉलमध्ये फोन नव्हता आणि इंटरनेट यायचं फोनच्या वायरीतून. म्हणून वर्ग आमच्या घरी. महाप्याच्या माझ्या कंपनीला शुक्रवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी सकाळी.

"शुक्रवार नको गं," आई म्हणाली. "सुहासलाही तिकडे शुक्रवारीच सुट्टी. सकाळीच बूथवरून त्याचा फोन येतो, मग बूथ बंद होतो."

"आई, चळवळीत खासगी फोन नसतात!"

आई खुर्च्या मांडायला उठली. बाबांच्या वेळेपासून तिला सवय होती.

वर्ग दणक्यात सुरू झाला. पाटणकर काका, निवृत्त हेडक्लार्क, पुण्याच्या मुलीला लिहायचे, "महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून..."

"काका, मुलगी आहे ती तुमची!"

"असू दे. पद्धत ती पद्धत."

आई शेवटी बसायची. इंग्रजी अक्षरांतून मराठी, एका बोटाने, तासभर. दर शुक्रवारी दादाच्या ऑफिसच्या पत्त्यावर एकच वाक्य जायचं : 'फोन का करत नाहीस?' (तो पत्ता साऱ्या ऑफिसचा मिळून एकच, आणि उघडायचा तिथला अरब साहेब.) वर्ग संपला की ती रिसीव्हर उचलून कानाला लावायची आणि हळूच ठेवून द्यायची.

"बिझी असेल," ती मला समजावायची. (मी विचारलेलं नसायचं.)

महिनाभराने, भर वर्गात, सीवूड्सचे मामा-मामी येऊन थडकले. मध्ये फक्त दोन स्टेशनं, पण दोन वर्षांत फिरकले नव्हते. दारात चपलांचा ढीग. आत म्हातारी माणसं माना खाली घालून ओळीने बसलेली, कुणी बोलत नाही. मामींनी उंबऱ्यातच हंबरडा फोडला, "वन्सं ऽऽ!"

आईने स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, "कोण गेलं गं?"

मामा भिंतीला टेकला. "आक्का! तू आहेस? अगं, सुहासचा फोन आला, रडत होता. महिनाभर दर शुक्रवारी फिरवतोय, लाइन एंगेज! म्हणाला, आईचं काहीतरी झालंय आणि मला कळवत नाहीत..."

"इंटरनेट चालू असलं की फोन लागत नाही," मी म्हणाले. घोषणा देताना येतो तो आवाज आला नाही.

आई वळली. "म्हणजे तो करत होता फोन?"

उत्तराची वाट न बघता तिने कम्प्युटरमधून वायर उपटली आणि फोनला लावली. थोड्याच वेळात घंटा वाजली. आई "हॅलो" म्हणाली आणि पुढे कितीतरी वेळ नुसती ऐकत राहिली.

पाटणकर काका उठले. "येतो मी. आमच्या मुलीचाही फोन शुक्रवारीच... म्हणजे, केलाच तर." एकेक करून सगळेच उठले. माझं मंडळ आपापल्या फोनशेजारी जाऊन बसलं!

आता शुक्रवारची लाइन आईची. मी आतल्या खोलीत, बंद कम्प्युटरसमोर नवं पत्रक लिहीत असते. बोलणं संपत आलं की आई हाक मारते, "दादा विचारतोय, तुला बोलायचंय का?"

प्रश्न तत्त्वाचा आहे, त्यामुळे मी लगेच हो म्हणत नाही. तिने दुसऱ्यांदा विचारेपर्यंत दाराआड उभी राहते.