फराळाला काय केलंस गं?

भुताखेताचा अनुभव सांगणाऱ्याला मी आधी 'झोप नीट होते का?' असं विचारतो. रियाधमध्ये एका बँकेत इंटर्नल ऑडिटला आहे, संशय घेण्याचाच पगार मिळतो. तरीही हे लिहितोय…

आई व्हिजिट व्हिसावर आली होती. पोटात जळजळ, जेवण जाईना. पोटविकारांच्या इजिप्शियन डॉक्टरांनी बारकाईने विचारलं — दुखणं जेवणाआधी की नंतर, वजन उतरलंय का, शौचाला काळं होतं का. (हे मी मराठीत विचारताना आई लाजून माझ्याकडे बघेना.) पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, एंडोस्कोपी करू. थोडी भूल, तोंडातून कॅमेरा. पोट मात्र रिकामं हवं, नाहीतर भुलेत अन्न श्वासनलिकेत जाऊन जिवावर बेतू शकतं. हे सगळं मला इंग्रजीत. आईला मल्याळी नर्सने हिंदीत एवढंच सांगितलं, "अम्मा, कल सुबह उपवास."

"उपास मला काय नवीन आहे?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आईला आत नेताना नर्सने माझ्यासमोर विचारलं, "कुछ खाया तो नहीं?" आईने ठामपणे मान हलवली. बायकांच्या बाजूला पुरुषांना प्रवेश नाही, म्हणून मी बाहेर थांबलो.

थोड्याच वेळात नर्स धावत आली. "सर, अम्मा ने खिचडी खाया!"

मी अंघोळीला गेलो तेव्हा आईने साबुदाण्याची खिचडी केली होती. खाल्ली, वर दही! उपासाचं खाणं म्हणजे खाणं नव्हेच, असा तिचा हिशेब. भुलेचं इंजेक्शन भरून तयार होतं.

"पण तू सांगितलंस कुणाला?" आई बाहेर आल्यावर मी विचारलं.

"ती मराठी बाई नव्हती का? उशाशी आली नि म्हणाली, 'फराळाला काय केलंस गं?' मी म्हटलं, खिचडी."

नर्स म्हणाली, खोलीत ती आणि भूल देणाऱ्या डॉक्टर, दोघीच होत्या. आई मान वळवून काहीतरी बोलली, त्यातलं 'खिचडी' तेवढं तिला कळलं.

मला पहिला संशय नर्सचाच आला. 'फराळ' हा शब्द माहीत आहे का, आडून विचारलं. नव्हता. मग भुलेचा आला, पण ती दिलीच नव्हती. रिसेप्शनपासून सफाईवाल्यांपर्यंत विचारत सुटलो, मराठी बोलणारं तिथे कुणीच नाही. आणि असतं तरी… 'खाल्लंस का?' म्हटलं असतं तर आई पुन्हा नाहीच म्हणाली असती!

गाडीत माझी उलटतपासणी सुरूच होती. "तुझ्या वयाच्या अनोळखी बाईला कुणी 'केलंस गं' म्हणेल? 'केलंत' म्हणेल ना?"

आई म्हणाली, "तेच तर. मला अगं-तुगं करणारं आता उरलंय कोण?"

आणि पदराने डोळे पुसले. पुढे रिकाम्या पोटी एंडोस्कोपी झाली, अल्सर निघाला, औषधाने बराही झाला. ती बाई कोण, हे मात्र मला अजून कळलेलं नाही. आईला विचारायचं मी सोडून दिलंय.