धुवणाचं पाणी

आमच्या कोपऱ्यावरच्या बागेत नळावर पाटी आहे : ‘प्रक्रिया केलेले सांडपाणी. पिऊ नये.’ साऱ्या वस्तीच्या मोऱ्यांतलं पाणी शुद्ध होऊन इथल्या झाडांना मिळतं. दगडू माळी नळी धरून फिरतो आणि मी बाकावर बसून पाहतो.

सुमतीला, माझ्या पत्नीला, यात नवल वाटलं नसतं. तांदळाचं धुवण ती पातेल्यात राखून ठेवी आणि गॅलरीतल्या अनंताला घाली. ती गेल्यावर मी एकट्यापुरता मूठभर भात लावू लागलो. तेवढ्या धुवणानं कुंडीतली माती भिजेना. नळाचं कोरं पाणी घालायला हात होईना. त्याला घरातल्या कुणाचा हात लागलेला नसतो. पानं पिवळी पडली, तेव्हा मी कुंडी उचलून बागेत आणली.

“याला हे पाणी मानवेल ना?” मी विचारलं.

दगडू हसला. “अहो काका, यात तुमच्या घरचंबी पाणी आलं की. ओळखंल तो.”

अनंतानं जमीन धरली. तरी रोज सकाळी मी तांब्यात ते धुवण घेऊन जातो.

आज मला उशीर झाला. सगळे वाफे ओले होते, फक्त अनंताच्या बुंध्याशी माती कोरडी होती.

“त्याला दिलं नाही मी,” दगडू लांबूनच ओरडला. “तुमची वाट बघतोय तो!”

हे वाक्य मी किती दिवसांनी ऐकलं. हातातला तांब्या सांभाळत मी भरभर चालू लागलो.