हात वर करून उभी असलेली रोशनी

"मॅडम, ती तुमची उंच मुलगी नुसती उभी का राहते?"

देसाई सरांनी मला हे विचारलं तेव्हा ट्रायल मॅचचा दुसरा क्वार्टर चालू होता. देसाई सर सिलेक्टर. त्यांच्या हातात पेन होतं आणि डोळे बॉलवर होते. बॉल तेजलकडे होता. रोशनी तिच्यापासून दोन पावलांवर छातीवर हात बांधून, पाय फाकवून, खांबासारखी उभी होती. तेजल तिच्या खांद्याला घासून निघाली, तिच्या मागे धावणारी मुलगी रोशनीवर आदळली आणि तेजलने आरामात बास्केट केली. सरांनी तेजलच्या नावापुढे काहीतरी लिहिलं.

"सर, ती उभी राहिली म्हणून ही बास्केट झाली," मी म्हणाले.

"हो, हो. ते तर आहे," सर म्हणाले आणि पुन्हा बॉलकडे बघू लागले.

मी सुरतमध्ये एका शाळेत पी.टी. शिकवते. संध्याकाळी शाळेच्याच सिमेंटच्या कोर्टवर मुलींना बास्केटबॉल शिकवते. बहुतेक मुली दिंडोली, नवागाम, कोसाडकडच्या. कुणाचे वडील कापडाच्या लूमवर, कुणाची आई साड्यांना टिकल्या लावते. रोशनी पाटील नवागामची, घरचे लोक खानदेशातले. तेजल वानखेडे कोसाडची. तिचे आईवडील विदर्भातून बांधकामाच्या कामाला आले आणि इथलेच झाले. दोघी माझ्याकडे एकाच वर्षी आल्या. एक ठेंगणी आणि चपळ, दुसरी उंच आणि जरा धिमी. दोघींकडे बघून मी ठरवून टाकलं की यांना पिक अँड रोल शिकवायचा.

ज्यांनी बास्केटबॉल खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बॉल तेजलकडे आहे आणि तिला अडवणारी एक मुलगी तिच्यासमोर आहे. रोशनी येऊन त्या अडवणारीच्या वाटेत उभी राहते. याला स्क्रीन म्हणतात, पिकही म्हणतात. उभं राहताना हलायचं नाही, हललं की फाउल. तेजल या भिंतीला चिकटून निघते. हा झाला पिक. मग रोशनी वळते आणि बास्केटच्या दिशेने धावते. हा रोल. आता तेजलला आणि रोशनीला अडवणाऱ्या समोरच्या दोघींपुढे प्रश्न पडतो. दोघी तेजलवर गेल्या तर रोशनी मोकळी. रोशनीला धरलं तर तेजल मोकळी. आपसांत मुली बदलून घेतल्या, ज्याला स्विच म्हणतात, तर रोशनीसमोर ठेंगणी मुलगी येते आणि रोशनी तिच्या डोक्यावरून बास्केट करते. काहीही करा, एक दार उघडं राहतंच. दुनियाभर मोठमोठ्या टीम हेच खेळतात ते उगाच नाही.

पण दार कोणतं उघडं आहे हे बॉल हातात असलेल्या मुलीने बघायचं असतं. आणि बघून तिथे बॉल द्यायचा असतो.

या दोघींचं ते छान जमलं होतं. तेजल मान न वळवता पास द्यायची. रोशनीला तो कुठे येणार हे ठाऊक असायचं. सुरतच्या शाळांमध्ये आमच्या टीमला कुणी हलकं धरत नसे. रोशनीच्या खांद्याखाली नेहमी निळे डाग असायचे. मी विचारलं तर म्हणायची, "चालतं मॅडम, समोरचीला जास्त लागलंय."

ही ट्रायल होती स्पोर्ट्स हॉस्टेलसाठी. निवड झाली तर राहणं, जेवण, कॉलेज, कोच, सगळं तिथे. दोघींनाही ते हवं होतं. तेजलच्या घरी तिच्या पाठच्या तिघी शिकत होत्या. रोशनीच्या घरी पुढच्या वर्षी लग्न बघायचं बोलणं चालू होतं. तिच्या वडिलांनी मला सांगितलं होतं, "मॅडम, नंबर लागला तर मी कोणाचं ऐकणार नाही. नाही लागला तर मग मला घरच्यांचं ऐकावं लागेल."

ट्रायलच्या सकाळी मी दोघींना बाजूला घेतलं. "आज दोघींनीही स्कोअर करायचा. रोशनी, तू नुसती स्क्रीन लावून थांबू नकोस. जोरात रोल कर, हात वर ठेव, बॉल माग. तेजल, ती मोकळी दिसली की दे."

"देते मॅडम," तेजल म्हणाली. तिने ते मनापासून म्हटलं होतं. आजही मला त्याबद्दल शंका नाही.

पहिल्या क्वार्टरमध्ये तिने दिलाही. रोशनी रोल करून आत गेली, बॉल आला आणि तिच्या बोटांवरून निसटून बाहेर गेला. इनडोअर कोर्ट, नवा गुळगुळीत बॉल, दोघींनाही त्याची सवय नव्हती. बाकावरून कुणीतरी हसलं. तेजलचा चेहरा मी पाहिला. सिलेक्टर लिहितायत की काय, असं ती टेबलाकडे बघत होती.

त्यानंतर बॉल रोशनीकडे गेला नाही.

रोशनी मात्र स्क्रीन लावत राहिली. समोरच्या मुली आता स्विच करायला लागल्या होत्या. म्हणजे आम्हाला हवं तेच घडत होतं. उंच मुलगी तेजलवर जायची आणि रोशनीसमोर एक बारकीशी मुलगी उरायची. रोशनी बास्केटखाली हात वर करून उभी. मी बाकावरून ओरडले, "तेजल, आत बघ!" तिने बघितलं. बघून लांबून शॉट मारला. तो आत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वेळी तसंच. तोही गेला. त्या दिवशी तेजलचा हात फारच चांगला होता, हे खरं.

मॅच संपल्यावर मी देसाई सरांच्या टेबलाशी गेले.

"सर, तेजलच्या निम्म्या बास्केट रोशनीच्या स्क्रीनवर झाल्यात. दोघींना बरोबर घ्या. तिला एकटीला नेलंत तर हा खेळ दिसणार नाही."

"मॅडम, तुमचं म्हणणं बरोबर आहे," सर म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. "पण वर मी काय सांगू? ही मुलगी चांगली उभी राहते, असं सांगू? स्कोअर काय तिचा?"

"तिला बॉलच दिला नाही, सर."

"मग तो तुमच्या दोघी मुलींचा प्रश्न झाला ना? आणि हॉस्टेलला उंच मुली आहेत. उभं राहणं आम्ही कोणालाही शिकवू."

यादी लागली. त्यात तेजल होती.

रोशनी गेटजवळ बूट काढून बसली होती. मी शेजारी बसले. ती रडत नव्हती.

"मी हात वर करून उभी होते, मॅडम."

"मी पाहिलं गं."

"तिनेही पाहिलं."

तेजल थोड्या अंतरावर उभी होती. वडिलांना फोन लावायचा म्हणून मोबाइल हातात धरला होता, पण लावला नव्हता. मी तिला एवढंच विचारलं, "रोशनी दिसली नव्हती का तुला?"

ती खोटं बोलू शकली असती. "दिसली होती," ती म्हणाली. "पुन्हा बॉल सुटला असता तर माझंही गेलं असतं, मॅडम. मला भीती वाटली."

तिला काय बोलणार? सतरा वर्षांची पोर. आम्ही तिला सांगितलं होतं की जोडीने खेळ, आणि मग निवडताना तिला एकटीला तराजूत बसवलं होतं.

त्यानंतर रोशनी प्रॅक्टिसला आली नाही. मी नवागामला तिच्या घरी गेले. तिची आई दारातच म्हणाली, "जेवस नही ती, मॅडम. तुम्हीच समजाडा." मी पुष्कळ सांगितलं. पुढची ट्रायल येईल, कॉलेजची टीम आहे, मी कुणाशी तरी बोलते. रोशनी ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मॅडम, मला आता स्क्रीन लावावीशी वाटत नाही. उभी राहिले की मनात येतं, कोणासाठी राहतेय?"



हॉस्टेलला जायच्या आधी तेजल तिला भेटायला गेली. मीच पाठवलं होतं. वाटलं होतं भांडतील, रडतील, मोकळ्या होतील. तेजल परत आली ती पडलेल्या चेहऱ्याने.

"काय झालं? बोलली नाही का?"

"बोलली ना. चहा केला. हॉस्टेलला कुठली बॅग नेणार विचारलं. माझ्या आईची तब्येत विचारली. पाहुणी असल्यासारखी बोलली, मॅडम."

तेजल गेली. सुरुवातीला तिचे फोन यायचे. तिथल्या उंच मुली स्क्रीन लावतात, पण अंग चोरून लावतात, अर्धवट उभ्या राहतात, अशी तक्रार असायची. मग फोन कमी झाले. तिची एक मॅच मी पाहायला गेले. पिक अँड रोल आला की तेजल पास द्यायची. दर वेळी. समोर कुणी नाही, शॉटला जागा आहे, तरी पास. तिचा कोच बाजूने ओरडत होता, "अरे मार ना, मार!" पण ती देतच होती. समोरच्या टीमला ते लवकरच कळलं. त्यांनी तिला मोकळी सोडली आणि आत धावणारीला धरलं. एका दाराने कायमचं बंद व्हायचं ठरवलं की या खेळात काही उरत नाही.

वर्षभराने तिला हॉस्टेलमधून कमी केलं. ती आता कोसाडमध्ये घरी असते, कॉलेज करते, संध्याकाळी लहान मुलींना शिकवायला माझ्याकडे येते. चांगलं शिकवते.

रोशनीचं लग्न मात्र ठरलं नाही. नंबर लागला नसतानाही वडिलांनी तेवढं लावून धरलं. ती रिंग रोडच्या एका साडी मार्केटमध्ये डिस्पॅचला लागली आहे आणि बाहेरून बी.कॉम. करते. मागे मार्केटमध्ये मला दिसली. पार्सलं मोजून घेत होती. मला पाहून हसली, खुर्ची दिली, थंड मागवलं. कोर्टचा विषय मीच काढला. तेजल हॉस्टेलमध्ये कशी खेळत होती ते सांगितलं, दर वेळी पास देत होती तेही.

रोशनीने एक पार्सल उचलून बाजूच्या थप्पीवर ठेवलं.

"आता कोणाला देत होती?" ती म्हणाली.

मग टेम्पोवाल्याने हाक मारली आणि ती उठून गेली.

हे मी तेजलला सांगितलेलं नाही. नव्या मुलींना पिक अँड रोल अजूनही शिकवते. दोघींच्या खेळात त्याहून चांगलं मला काही माहीत नाही. फक्त आता ट्रायलला नेण्याआधी सांगते की बास्केट दोघींची असते आणि निवड एकीची होते, तेव्हा कोर्टवर उतरण्याआधी एकमेकींशी काय ते नीट बोलून घ्या. मुली माना डोलवतात. नंतर शिट्टी वाजते.