लाल लोकरीचा गुंडा

लाल लोकर दिसली की लातूरच्या शिकवणीतला तो रविवार आठवतो. आमचा ताण हलका व्हावा म्हणून मॅडमनी सगळ्यांना गोल बसवलं होतं. जिने आपल्याला जपलं तिचं नाव घेऊन, धागा आपल्या हातात धरून ठेवत लोकरीचा गुंडा तिच्याकडे टाकायचा, असा खेळ होता. माझ्या खोलीत राहणारी जळकोटची मुलगी समोर हात पुढे करूनच बसली होती. आदल्याच आठवड्यात टेस्ट बुडवून तिने माझ्या तापलेल्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या. मी मात्र गुंडा पहिल्या नंबरवालीकडे टाकला, मला तिच्या नोट्स हव्या होत्या. खेळ संपेपर्यंत जळकोटच्या मुलीकडे धागा आलाच नाही. शेवटी मॅडमना लोकर गुंडाळून देत ती मला म्हणाली, "चल, डबा गार व्हायलाय." आज मी शाळेत मुलांचे सगळे खेळ घेते, तेवढा एक सोडून.